महोदय, वरील विषयास अनुसरून

संगणकीकरणाच्या पहिल्या बैठकीत एक वाक्य हमखास पडतं: "सगळं शोधता आलं पाहिजे." बोलणारे साहेब टेबलाच्या टोकाला बसलेले असतात आणि काजूची बशी त्यांच्याच बाजूला सरकवलेली असते. सगळं म्हणजे नक्की काय काय, हे त्यांना कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सगळं म्हणजे सगळं!" प्रोजेक्ट मॅनेजर वहीत 'सगळं' लिहून खाली दोन रेघा ओढतो, चहा येतो, बैठक संपते. त्या दोन रेघा पुढे किती डिस्का गिळणार आहेत याचा अंदाज त्या खोलीत एकालाच असतो. तो डीबीए असतो आणि त्याला दाराजवळची खुर्ची मिळालेली असते.

मी त्या खुर्चीवरचा. एका कचेरीकडे येणाऱ्या तक्रारअर्जांचा डेटाबेस माझ्या गळ्यात आहे. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर तो चालतो आणि कचेरीतल्या इतर गोष्टींच्या मानाने बरा चालतो. पूर्वी 'खड्डा' शोधायचा तर संगणक पहिल्या अर्जापासून शेवटच्या अर्जापर्यंत प्रत्येक कागद उघडून वाचत बसायचा; शोधणारा डबा खाऊन, बडीशेप चघळून परत आला तरी गोल चक्र फिरतच असायचं. म्हणून फुल टेक्स्ट इंडेक्स घातला. म्हणजे एक उलटी यादी: सगळ्या अर्जांतले सगळे शब्द एकेकदा लिहायचे आणि प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या अर्जात आला त्यांचे पत्ते. आता 'खड्डा' म्हटलं की क्षणात खड्डे हजर. साहेब खूश झाले. खड्डे होते तिथेच राहिले, पण तो विभाग वेगळा.

मग डिस्क नव्वद टक्के भरल्याचे मेसेज यायला लागले. असे मेसेज शनिवारी रात्री जेवणाच्या ताटावर येतात.

"अर्ज तर रोज तेवढेच येतात," साहेब म्हणाले. "मग डिस्क खातंय कोण?"

"इंडेक्स, सर."

"म्हणजे ती यादी? अहो, यादी अर्जांपेक्षा जाड कशी होईल?"

प्रश्न बिनतोड होता. पोस्टग्रेसमध्ये 'टीएस स्टॅट' नावाचं एक फंक्शन आहे. ते प्रत्येक शब्द किती अर्जांत आला आणि एकूण किती वेळा आला हे काढून देतं. ते चालवलं आणि आलेली यादी वाचत बसलो. मराठी माणसाचं मन समजून घ्यायचं असेल तर कादंबऱ्या बाजूला ठेवून ही यादी वाचावी. सगळ्यात वर 'महोदय'. पाठोपाठ 'विषय', 'विनंती', 'कृपया', 'उपरोक्त', 'अनुसरून', 'आपला', 'विश्वासू'. म्हणजे तक्रार काय आहे हे कळायच्या आधीच अर्ध्या अर्जाचा मजकूर संपलेला. इंग्रजीसाठी पोस्टग्रेसबरोबर टाकाऊ शब्दांची यादी येते. 'द', 'ऑफ', 'अँड' वगैरे दारातूनच परत जातात. मराठीसाठी तशी यादी येत नाही. त्यामुळे 'आहे', 'आणि', 'व', 'की' हे सगळे चपला घालून आत.

कुणालाही वाटेल की जाडी या 'महोदयां'ची आहे. मलाही हिशेब तपासल्याशिवाय राहवेना. या इंडेक्सला 'जिन' म्हणतात. त्याच्या कर्त्यांनी कोडसोबतच्या टिपणात लिहून ठेवलंय की हा जिन दिव्यातल्या राक्षसांपैकी आहे, पेयांपैकी नव्हे. असा खुलासा करावा लागला यावरून प्रेक्षकवर्गाची कल्पना यावी. तर २०१४ साली आलेल्या ९.४ आवृत्तीपासून हा जिन पत्ते दाबून ठेवतो: पूर्ण पत्ता लिहीत नाही, आधीच्या पत्त्यापासूनचं अंतर तेवढं लिहितो. 'महोदय' प्रत्येक अर्जात, म्हणजे लागोपाठच्या पत्त्यांवर. अंतर एक, एक, एक. तेव्हा एका 'महोदया'चा खर्च साधारण एक बाइट. इतक्या स्वस्तात आपल्याकडे कुणाला मान मिळत असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

जाडी असते यादीच्या तळाशी. फक्त एकाच अर्जात आलेले शब्द, आणि त्यांची रांग संपता संपत नाही. मोबाइल नंबर. गट नंबर. मीटर नंबर. जावक क्रमांक. आणि 'अतिक्रमण' या एका शब्दाची वंशावळ: अतीक्रमण, आतिक्रमण, अतिक्रमन, अतीक्रमन, अतिक्रमाण, अक्रितमण. शेवटचा अर्जदार फारच संतापलेला असावा. यातल्या प्रत्येकासाठी यादीत वेगळी ओळ, वेगळी जागा. हीप्स नावाच्या अभ्यासकाने १९७८ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं होतं की मजकूर वाढत गेला तरी नवे शब्द यायचे कधी थांबत नाहीत. वेग कमी होतो, पण नळ बंद होत नाही. ढोबळ मानाने मजकूर चौपट झाला की शब्द दुप्पट. हा माणूस इंग्रजीवर बोलत होता आणि त्याने आमच्या अर्जांचं टायपिंग पाहिलेलं नव्हतं.

काही शब्द तर डोळ्यांनाही वेगळे दिसत नाहीत. 'कऱ्हाड' घ्या. त्यातला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो: एकीत नुक्त्याचा र असतो, दुसरीत साधा र आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर जुळे, इंडेक्समध्ये परके. शिवाय 'कराड' लिहिणारे वेगळेच. एका गावाचे तीन झाले आणि तीन गावांच्या तक्रारी एकमेकींना भेटायला तयार नाहीत. कैक वर्षांपूर्वीचे अर्ज युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेले. ते कुणी बदलून न घेता जसेच्या तसे भरले. तिथे 'पाणीपुरवठा' म्हणजे रोमन लिपीतली खडखडाट अक्षरं, आणि त्या खडखडाटालाही डेटाबेस इमानदारीने शब्द समजतो.

शब्द कशाला म्हणायचं हे पार्सर नावाचा भाग ठरवतो. तो गरीब आहे, पण त्याची स्वतःची मतं आहेत. आपल्या काना-वेलांट्यांच्या बाबतीत तो सज्जन निघाला. ही चिन्हं अक्षरं नसली तरी शब्द तोडणारीही नाहीत, असं त्याच्या कोडमध्ये लिहिलेलं आहे आणि त्यासाठी चिन्हांची यादीच दिलेली आहे. पण जोडरेघ दिसली की त्याला भरतं येतं. 'सही-शिक्का' म्हटलं की तो 'सही-शिक्का', 'सही' आणि 'शिक्का' असे तीन शब्द नोंदवतो. आणि मराठी माणूस एकटा शब्द वापरत नाही. आमच्या अर्जांत येणे-जाणे आहे, मुले-बाळे आहेत, दवा-पाणी आहे, शिव्या-शाप आहेत. प्रत्येक जोडप्यामागे तीन नोंदी. कुणी रोमनमध्ये 'पेन्शन/ग्रॅच्युइटी' असं तिरकी रेघ मारून लिहिलं, तर पार्सरला तो एखाद्या फाइलचा पत्ता वाटतो. तो अख्खा एकच शब्द म्हणून आत जातो. मग पेन्शन शोधा, नाहीतर ग्रॅच्युइटी, हा अर्ज सापडत नाही. अर्जदाराला दोन्ही मिळालेलं नसतं ते वेगळं.

पण खरा घात विभक्तीने केला. इंग्रजीत 'रोड' आणि 'रोड्स' एका मुळाशी आणणारे नियम डेटाबेसबरोबर येतात. मराठीत रस्ता आहे, रस्त्याचा आहे, रस्त्यावर, रस्त्यावरचा, रस्त्यावरच्या, रस्त्यालगत, रस्त्यांमुळे, रस्त्यापर्यंतसुद्धा आहे, आणि मुळाकडे नेणारा कुणी नाही. यादीत हे सगळे स्वतंत्र. 'रस्ता' शोधणाऱ्याला 'रस्त्यावरचा खड्डा' दिसत नाही, आणि रस्त्यावर तरी कुठे वेळेवर दिसतो म्हणा. यावर आमच्या एका तरुण सहकाऱ्याने तोड काढली: शब्दाची सुरुवात घ्यायची आणि पुढचं काहीही चालेल म्हणायचं. पाण्याच्या तक्रारींसाठी त्याने 'पाण' एवढंच शोधायला लावलं. पाणी आलं, पाण्याचा आलं, पाणलोट आलं. पाणीपुरीवाल्याच्या हातगाडीविरुद्धचे अर्ज आले. आणि कार्यालयात आपला पाणउतारा झाल्याची तक्रार करणारे सगळे अर्जदार पाणीपुरवठा विभागाकडे वर्ग झाले.

आता त्या दिव्यातल्या राक्षसाचा मूळ स्वभाव सांगतो. 'जिन' लिहिला ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगाएव यांनी. बार्तुनोव हे मॉस्को विद्यापीठाच्या स्टर्नबर्ग खगोलशास्त्र संस्थेतले. २००६ च्या डिसेंबरात ८.२ आवृत्तीत जिन आला. कोडसोबतच्या त्याच टिपणात एक निर्णय नोंदवलेला आहे: शब्दांच्या झाडातून शब्द काढून टाकायची सोय ठेवलेली नाही. कारणही दिलंय, की आमच्या अनुभवात मोठ्या संग्रहातला शब्दांचा संच फार सावकाश बदलतो, आणि ही सोय नसली की कोड पुष्कळ सोपं होतं. ताऱ्यांच्या सहवासात राहणाऱ्यांचा हा अनुभव खरा असणार. तारे एका रात्रीत स्वतःचं स्पेलिंग बदलत नाहीत. आमच्याकडे मात्र 'अक्रितमण' लिहिणारा अर्ज रद्द झाला, पुसला गेला, साफसफाई करणारा 'व्हॅक्यूम' फिरून गेला, शब्दापुढचे पत्ते रिकामे झाले, तरी 'अक्रितमण' आपल्या जागेवर बसून आहे. एखादी कायमस्वरूपी नेमणूक या राज्यात इतकी सहज झालेली मी पाहिली नाही. (मला या मंडळींबद्दल आदरच आहे. सोपं कोड लिहिणारे रात्री झोपतात, आणि त्यांच्यामुळे निदान आठवड्यातले पाच दिवस मीही झोपतो.)

यावर कळस चढवला फाइलींच्या प्रवासाने. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी खोडत नाही. नवी प्रत लिहितो आणि जुनी मागे सोडतो. बदललेल्या रकान्यावर कुठलाच इंडेक्स नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सांना हात न लावता हे भागतं. पण आमच्या अर्जाला 'स्थिती' असा रकाना आहे: प्राप्त, वर्ग, प्रलंबित, अभिप्रायार्थ, पुनश्च प्रलंबित. डॅशबोर्डवर रंगीत गोल दाखवायचा म्हणून या रकान्यावर इंडेक्स आहे. त्यामुळे अर्ज नुसता 'वर्ग' झाला तरी त्याची नवी प्रत होते आणि त्यातला एकूण एक शब्द, 'महोदय'पासून 'विश्वासू'पर्यंत, जिनमध्ये नव्या पत्त्याने पुन्हा नोंदला जातो. अर्जात एक अक्षर बदललेलं नसतं. त्यावर काही कार्यवाहीही झालेली नसते. फक्त तो या साहेबांकडून त्या साहेबांकडे गेलेला असतो. दप्तरदिरंगाईला डिस्क लागते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजून दाखवलं. त्या मोजणीचा अहवाल अभिप्रायार्थ वर्ग झाला.

नोंदी रोजच्या रोज जागेवर लावणं महाग पडतं, म्हणून २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून जिन आधी एका कच्च्या वहीत लिहून ठेवतो. वहीची मर्यादा नेहमीच्या मांडणीत चार एमबी. ज्या अर्जाने ही मर्यादा ओलांडली जाते, सगळी वही पक्की करून द्यायचं काम त्याच अर्जाच्या वाट्याला येतं. बाकीच्यांचे अर्ज टचकन जातात आणि एका बिचाऱ्याचा अडकतो, तो फोन करून विचारतो, "माझंच का?" आणि या एका प्रसंगी कचेरीकडे खरंखुरं तांत्रिक उत्तर असतं. इतर प्रसंगी काय सांगतात ते मला माहीत आहे, पण नोकरी करायची आहे.

शेजारच्या विभागात मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आहे. तिथले लोक काही काळ आमच्याकडे पाहून हसत होते. त्यांच्या इनोडीबी नावाच्या साठवण-यंत्रणेत फुल टेक्स्टची सोय ५.६ आवृत्तीपासून आहे, आणि टाकाऊ शब्दांची ३६ शब्दांची तयार यादीही. इंग्रजी शब्द बहुतेक, जोडीला 'ला', 'उंड' आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'. त्या छत्तिसांत 'द' दोनदा आहे. एकदा सांगून ऐकला नसेल. पण तिथेही अर्ज पुसला म्हणून त्याचे शब्द इंडेक्समधून जात नाहीत. पुसलेल्याचा क्रमांक एका वेगळ्या टेबलात टिपून ठेवतात आणि शोध घेताना तेवढे वगळतात. रेशनकार्डावर आजोबांचं नाव असतं तसं: आजोबा जाऊन कैक वर्षं झाली, सगळ्यांना ठाऊक आहे, धान्यही कुणी मागत नाही, पण नाव कमी करायचं तर कुणीतरी दाखला घेऊन खेटे घालायला हवेत. इथले खेटे म्हणजे एक खास सेटिंग चालू करून 'ऑप्टिमाइझ टेबल' म्हणायचं. ते एका खेपेला मुळात दोन हजारच शब्द साफ करतं. मग पुन्हा म्हणायचं. मग पुन्हा. आता ते हसत नाहीत.

आमच्या वाढीवर रामबाण उपाय म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून हे काम चालू असताना कचेरी बंद ठेवावी लागत नाही. नवा इंडेक्स शेजारी उभा राहतो आणि पूर्ण झाला की जुना पाडतात. फक्त तोवर दोन्ही उभे असतात. म्हणजे जागा वाचवायची तर आधी तेवढी रिकामी जागा हवी. हे साहेबांना समजावण्याचा प्रसंग.

"डिस्क भरलीय म्हणून तुम्ही आणखी डिस्क मागताय."

"हो सर. कमी करण्यासाठी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे वित्त विभागाला तुम्ही सांगा," ते म्हणाले. वित्त विभागातल्या मॅडम मात्र अजिबात दचकल्या नाहीत. त्यांच्या मते खर्च कमी करण्यासाठी आधी समिती नेमावी लागते, समितीला भत्ता लागतो, त्यामुळे हे नियमाला धरूनच होतं. डिस्क मंजूर झाली.

मग आम्ही बसलो आणि 'सगळं' या शब्दाला कात्री लावली. माझं मत विचाराल तर याआधीचे सगळे उपाय मलमपट्टीचे. इंडेक्स वाढतो तो मजकुरामुळे नाही, काय कधीच शोधलं जाणार नाही हे ठरवायची जबाबदारी कुणी घेत नाही म्हणून. पूर्णांक, अपूर्णांक, फाइलींचे पत्ते असले शब्दप्रकार इंडेक्समधून वगळता येतात. त्यासाठी एकेक ओळीची आज्ञा आहे. नंबर वगळायचे म्हटल्यावर हेड क्लार्क उभे राहिले. "आणि उद्या कुणी मोबाइल नंबरवरून अर्ज मागितला तर?" मुद्दा रास्त होता. मोबाइलसाठी वेगळा रकाना केला आणि त्यावर साधा इंडेक्स घातला. 'स्थिती' अर्जाच्या टेबलातून उचलून दुसऱ्या टेबलात नेली. आता फाइल कितीही हिंडो, शब्द घरी बसतात. अर्ज वर्षवार विभागले. 'महोदय' आणि मंडळींची टाकाऊ यादी केली. जागेपेक्षा तिचा फायदा वेगाला झाला, कारण कुणी 'उपरोक्त विषय' असं शोधलं की डेटाबेसला आधी यच्चयावत अर्जांना गुण देत बसावं लागायचं. ऱ आणि अदृश्य चिन्हांची एकच पद्धत ठरवून मजकूर आत येतानाच सरळ केला. वादही झाले. 'अन्याय' हा शब्द टाकाऊ यादीत घालावा का, यावर अर्धा तास गेला. तो जवळजवळ प्रत्येक अर्जात होता. शेवटी ठेवला. कुणीतरी कधीतरी शोधेल.

जाता जाता पोस्टग्रेसची एक सवय सांगायला हवी. अर्जातल्या शब्दांच्या जागा तो मोजतो, पण १६३८३ व्या शब्दापुढचं सगळं तो त्याच एका जागी आहे असं धरून चालतो. अर्ज वाचणारे अधिकारीही हेच करतात, फक्त पुष्कळ आधीपासून. आणि एका अर्जात एका शब्दाच्या २५६ पर्यंतच जागा तो लक्षात ठेवतो. 'अन्याय' त्याहून जास्त वेळा लिहिलेला एक अर्ज आमच्याकडे आहे. हस्ताक्षर सुंदर होतं म्हणतात.

हे सगळं झाल्यावर एक गोष्ट करून पाहिली, ती खरं तर पहिल्या बैठकीआधीच करायला हवी होती: लोक शोधतात काय, त्याची नोंदवही उघडली. बहुतेक जण टोकन क्रमांक टाकतात. त्याला फुल टेक्स्ट लागतच नाही. उरलेले आपलं किंवा शेजाऱ्याचं नाव टाकतात. 'उपरोक्त' शोधणारा एक निघाला, तो आमचाच तपासणीवाला. आणि उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी मोठ्या पडद्यावर, पाहुण्यांसमोर, स्वतःचं आडनाव टाकलं होतं. निकाल क्षणात आले. वेगाबद्दल कुणालाच शंका उरली नाही. पडदा बंद करायला मात्र वेळ लागला.

राहिली विभक्ती. तिच्यावर माझ्याकडे इलाज नाही, कुणाकडे तरी असावा म्हणून सांगतो. शब्द मुळाशी नेणारे 'स्नोबॉल'चे नियम पोस्टग्रेसमध्ये १२ व्या आवृत्तीत नेपाळी आणि तमिळसाठी आले, १४ व्या आवृत्तीत हिंदीसाठी आले. त्याच आवृत्तीत बास्क आणि यिडिशसाठीही आले. १८ व्या आवृत्तीपर्यंतच्या यादीत मराठी नाही. हे काम डिस्क विकत घेऊन होणारं नाही. त्याला व्याकरण येणारा एक आणि कोड येणारा एक अशी दोन माणसं लागतील, आणि ती एका टेबलाशी बसायला तयार असावी लागतील. वाचकांत कुणी असतील तर कृपया पुढे यावं. अर्ज करायची गरज नाही.